थंडीत घरात सायकल: रोलर घ्यावेत की टर्बो?

ताई, नमस्कार. मी मूळचा साताऱ्याचा, नोकरीमुळे लीड्सला असतो. उन्हाळ्यात दर रविवारी क्लबबरोबर ऑटलीच्या पुढे डेल्सच्या डोंगराळ भागाकडे जातो. चढावर मागे पडतो, पण जातो. नोव्हेंबर लागला की सगळं बंद. डिसेंबरात पावणेचारला अंधार पडतो आणि रस्त्यावर बर्फाचा न दिसणारा थर असतो. गेल्या जानेवारीत एका वळणावर घसरलो, खांदा महिनाभर दुखत होता. तेव्हापासून हिवाळ्यात सायकल बाहेर काढायला घरातून बंदीच आहे. यंदा घरात चालवायला काहीतरी घ्यायचं ठरवलंय. क्लबातले एक वयस्कर गृहस्थ म्हणतात, ‘रोलर घे, पॅडलिंग सुधारेल. टर्बो म्हणजे नुसती शिक्षा.’ माझ्या वयाचा एक मित्र म्हणतो, ‘रोलर ही सर्कस आहे, टर्बो घे.’ बजेट चारशे पौंड. भाड्याचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, जमीन लाकडी. मुलगी दोन वर्षांची. ती झोपल्यावर संध्याकाळी पाऊण तास मिळतो, तोही आठवड्यातून तीन दिवस. सायकल ॲल्युमिनियमची रोड बाइक, डिस्क ब्रेक, मागे अकरा दातचक्रांची कॅसेट. एप्रिलमध्ये चढावर मंडळी दिसेनाशी होऊ नयेत, एवढीच इच्छा आहे. शनिवार-रविवारी बाहेर जावं की अजिबात नको, तेही सांगा.
— लीड्सहून एक वाचक

नमस्कार.

टर्बो घ्या, म्हणजे सायकल पकडून जागीच ठेवणारं मशीन. कारणं पुढे सविस्तर देते, पण खरं तर तुमच्या पत्रातल्या पाऊण तासाने, चढाने आणि दोन वर्षांच्या मुलीने आधीच निकाल लावून टाकलाय.

तरी त्या वयस्कर गृहस्थांची बाजू आधी मांडते, कारण रोलर मला मनापासून आवडतात आणि त्यांना सर्कस म्हणणाऱ्यांनी बहुधा त्यांवर दहा मिनिटंसुद्धा काढलेली नसतात. एका चौकटीत तीन ड्रम असतात. दोन मागच्या चाकाखाली, एक पुढच्या. मागच्या ड्रमवरून एक पट्टा पुढच्या ड्रमला जातो, त्यामुळे तुम्ही पॅडल मारलं की पुढचं चाकही फिरतं आणि सायकल स्वतःच्या तोलावर उभी राहते. तिला कुठेही धरलेलं नसतं. म्हणून रस्त्यावर जे करता ते सगळं इथेही करावं लागतं: हँडल सैल धरायचं, खांदे उतरवायचे, पाय अखंड फिरवायचे. पाय थबकत, धक्के देत पडायला लागले की सायकल लगेच डाव्या-उजव्या बाजूला झुलायला लागते. वेलोड्रोमवर शर्यतीआधी ट्रॅकचे खेळाडू रोलरवर पाय मोकळे करताना दिसतात ते यासाठीच. हलका रेझिस्टन्स (पॅडलला होणारा विरोध), भरभर फिरणारे पाय, आणि सायकलला काही खोलायचं-जोडायचं नाही. ठेवली की चालू.

‘पॅडलिंग सुधारतं’ हे मात्र थोडं सावधपणे घ्या. रोलरने तोल, सरळ रेषेत चालवण्याची सवय आणि जलद केडन्समधला (मिनिटाला पॅडलचे जितके फेरे तो केडन्स) स्थिरपणा नक्की येतो. घोळक्यात दुसऱ्याच्या चाकामागे जाताना याचा उपयोग होतो. पण त्याने तुमच्या पायातली ताकद वाढत नाही, आणि तुमची तक्रार ताकदीची आहे.

आता चढाकडे येऊ. साताऱ्याचे आहात म्हणजे यवतेश्वरचा घाट पायाखालचा असणार. तो तसा लांब, एका लयीत चढता येतो. ऑटलीच्या आसपासचे चढ, शेव्हिन घ्या किंवा नॉरवूड एज, आखूड आणि उभे. तिथे गिअर संपतात, केडन्स साठ-पासष्टवर येतो आणि प्रत्येक पॅडल ढकलावं लागतं. साध्या रोलरवर हा प्रकार करता येत नाही. तिथे रेझिस्टन्स वेगाबरोबर वाढतो. जास्त मेहनत हवी असेल तर मोठ्या गिअरमध्ये जास्त वेगाने फिरवा, एवढाच उपाय. बारीक व्यासाचे ड्रम घेतले तर थोडं जड जातं, मोठ्या ड्रमवर आणखी हलकं. पण कमी केडन्सला भरपूर जोर, म्हणजे नेमकं जे तुम्हाला हवंय, ते नाही. चुंबकाचा किंवा ॲपवरून बदलणारा रेझिस्टन्स असलेले रोलर मिळतात. पण त्यांतले चांगले तुमच्या बजेटच्या वर जातात, आणि तोल सांभाळत पूर्ण जोर लावणं हे पुन्हा वेगळं कसब आहे.

टर्बोवर सायकल दावणीला बांधलेल्या बैलासारखी जागची हलत नाही. तोल नको, रस्ता नको, समोर बघायचीही गरज नाही. तो टर्बोचा दोष, आणि तुमच्यासाठी तोच गुण. पाऊण तासातला प्रत्येक मिनिट पायांना देता येतो. मॅथ्यू हेमन या ऑस्ट्रेलियन सायकलपटूचं उदाहरण सायकलवाल्यांत पुन्हा पुन्हा दिलं जातं ते उगीच नाही. 2016 च्या फेब्रुवारीत बेल्जियममधल्या शर्यतीत पडून त्याचा हात मोडला. रस्त्यावर जाता येत नव्हतं म्हणून त्याने गॅरेजमध्ये टर्बोवर सराव केला, आणि त्याच एप्रिलमध्ये टॉम बोनेनला मागे टाकून पॅरिस-रूबे ही शर्यत जिंकली. तो व्यावसायिक होता, त्याच्या पायांत अनेक वर्षांची पुंजी होती, हे खरं. पण मोडक्या हाताने त्याला रोलरवर चढताच आलं नसतं.

मुलीचा मुद्दा मी सगळ्यात वर ठेवते. रोलरचा पट्टा उघडा असतो, ड्रम उघडे असतात, आणि दोन फिरती चाकं जमिनीपासून वीतभर अंतरावर. झोपलेलं मूल उठून दारात येऊन उभं राहतं तेव्हा तुम्ही तोल सांभाळत असता. पटकन थांबून खाली उतरणं नवशिक्याला जमत नाही. टर्बोही निर्धोक नाही, हे लक्षात ठेवा. चेन आणि कॅसेट बोटं पकडतात, तुम्ही पाय थांबवले तरी फ्लायव्हील, म्हणजे टर्बोतलं जड चाक, बराच वेळ फिरत राहतं, आणि टायरला टेकणाऱ्या टर्बोचा रेझिस्टन्सचा डबा चालवून झाल्यावर हात भाजण्याइतका तापतो. म्हणून कुठलंही मशीन आणा, खोलीच्या दाराला वर, मुलीचा हात पोचणार नाही अशी कडी लावा. भाड्याच्या घरात भोक पाडायला मालकाला विचारावं लागेल. तोवर दाराबाहेर लहान मुलांचं गेट चालेल.

आता कुठला टर्बो? दोन जाती आहेत. एकात मागचं चाक तसंच ठेवून सायकल पकडतात आणि टायरवर एक रोलर दाबला जातो. हा नवा घेतला तरी स्वस्त. दुसऱ्यात मागचं चाक काढून सायकलची चेन थेट टर्बोवरच्या कॅसेटवर चढवतात. त्याला डायरेक्ट-ड्राइव्ह म्हणतात. स्वस्तातला घ्यावा असं पहिल्यांदा वाटतं, पण तुमची सायकल डिस्क ब्रेकची आहे म्हणजे मागे बहुतेक 12 मिलिमीटरचा थ्रू-ऍक्सल, म्हणजे चाकातून आरपार जाऊन फ्रेममध्ये आट्यांनी बसणारा दांडा, असणार. टायरवाल्या टर्बोचा चिमटा जुन्या क्विक-रिलीजसाठी (खटक्याने सैल होणाऱ्या बारीक ऍक्सलसाठी) बनलेला असतो. थ्रू-ऍक्सलसाठी वेगळा ऍक्सल विकत घ्यावा लागतो, आणि त्याची लांबी आणि आटे तुमच्या फ्रेमशी जुळायला हवेत. आटे 1.0, 1.5, 1.75 असे तीन प्रकारचे असतात, आणि चुकीचा ऍक्सल जोर लावून फिरवला तर फ्रेमचे आटे जातात. शिवाय टायर झिजतो, खोलीभर काळी भुकटी पडते, हवेचा दाब आणि रोलरची पकड दर वेळी सारखी ठेवली नाही तर आकडे इकडे-तिकडे. इतकं सांभाळायचं असेल तर सेकंडहँड डायरेक्ट-ड्राइव्ह बरा.

चारशे पौंडांत तो मिळतो, थोडं शोधावं लागेल. टॅक्स, वाहू, एलिट या कंपन्यांची मधल्या दर्जाची मॉडेल्स बघा. झ्विफ्ट या सायकलिंगच्या ॲपने स्वतःच्या नावाने काढलेला हब हा टर्बोही चालेल. अवघड एवढंच, की ऑक्टोबर-नोव्हेंबरात सगळ्यांनाच आठवण होते म्हणून भाव चढलेले असतात. मार्च-एप्रिलमध्ये कंटाळलेली माणसं तेच मशीन बरंच कमी पैशांत काढतात. तुम्हाला आत्ता हवंय, तेव्हा भाव थोडा जास्त द्यावा लागेल. बघायला जाल तेव्हा सायकल सोबत न्या. चालवून बघा. वेग वाढवून पाय थांबवा आणि फ्लायव्हील एकटं फिरत असताना कान देऊन ऐका: घरघर किंवा खडखड म्हणजे बेअरिंग गेलेलं. विजेचा ॲडॅप्टर मूळचा आहे का, 142 मिलिमीटर रुंदीच्या थ्रू-ऍक्सलचे भाग सोबत आहेत का, फोनमधल्या ॲपला मशीन सापडतं का, एवढं बघितलं की पुरे. वजन पंधरा ते वीस किलो असतं. पहिल्या मजल्यावर तुम्हालाच चढवायचंय.

कॅसेट तुमच्या चाकावर आहे तशीच, अकराची आणि दातांची संख्या तीच घ्या, म्हणजे गिअर दर वेळी जुळवत बसावं लागणार नाही. साधीतली साधी चालते, घरात तिला चिखल लागत नाही. आणि हे विसरू नका: मागचं चाक काढलं की हायड्रॉलिक डिस्कच्या पॅडमध्ये प्लास्टिकची चकती अडकवून ठेवा. चाक नसताना कुणी मागचा ब्रेक दाबला तर पॅड एकमेकांना चिकटून बसतात, मग चाक आत जात नाही. ‘कुणी’ म्हणजे कोण ते तुम्हाला ठाऊक आहेच, हँडल दिसलं की ती दाबणारच.

खालच्या मजल्याचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. डायरेक्ट-ड्राइव्हचा आवाज खोलीत फारसा नसतो, पंख्याचाच जास्त येतो. त्रास होतो तो हादऱ्याचा. लाकडी तुळयांवरची जमीन ढोलाच्या कातड्याप्रमाणे कंप पोचवते, आणि तुम्हाला वर काही ऐकू येत नसताना खालच्या घरात घुमत असतं. मशीन खोलीच्या मध्यात ठेवू नका. भिंतीलगत, जिथे तुळया भिंतीत टेकलेल्या असतात तिथे ठेवा. खाली जाड रबरी चटई, वर प्लायवूडचा तुकडा, त्यावर पुन्हा रबर. मग एकदा खालच्या माणसाला विचारून पहिल्याच दिवशी त्यांच्या घरात उभे राहून ऐका. वर पॅडल मारायला बायकोला बसवा. रोलर असते तर दोन चाकं आणि तीन ड्रम मिळून याच लाकडावर घुमले असते. लीड्सच्या जुन्या टेरेस घरांना तळघर असतं, तिथे दगडी जमिनीवर रोलर बिनधास्त चालतात, फक्त छत डोक्याला लागत नाही ना ते आधी बघायचं. तुमच्याकडे ती सोय नाही.

पंखा मशीनइतकाच महत्त्वाचा आहे, हे मी गंमतीत म्हणत नाही. बाहेर ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने जाताना वारा अंगावरचा घाम उडवतो. घरात तो अंगावरच राहतो, शरीर तापतं आणि पंधराव्या मिनिटाला दम संपल्यासारखा वाटतो. खरं तर दम संपलेला नसतो, अंग तापलेलं असतं. खोलीतला हीटर बंद, खिडकी थोडी उघडी, मोठा पंखा छातीवर. सुरुवातीला गारठायलाच हवं. पुण्या-मुंबईकडचे सायकलवाले टर्बो थंडीत नाही तर जुलै-ऑगस्टच्या पावसात काढतात, आणि तिथल्या दमटपणात दोन-दोन पंखे लावूनही घामाचं तळं होतं. त्या मानाने यॉर्कशायरची थंडी तुमची मदतनीस आहे. हँडलवर टॉवेल टाका, संपल्यावर स्टेमचे स्क्रू आणि वरची नळी ओल्या फडक्याने पुसा. घामातलं मीठ हँडलच्या टेपखाली शिरून ॲल्युमिनियम खातं आणि वरून काही दिसत नाही.

ॲपचे पैसे वेगळे. झ्विफ्टला महिन्याला पंधरा पौंडांहून जास्त लागतात. चार महिन्यांचा हिशोब बजेटमध्ये धरा. मला विचाराल तर पहिले दोन आठवडे काहीच घेऊ नका. मशीनच्या कंपनीचं फुकट ॲप वॅट, म्हणजे पाय किती शक्ती लावतायत ते, दाखवतं, तेवढ्यावर चालतं. कंटाळा आलाच तर घ्या. टर्बोवर बऱ्याच जणांना तो येतोच, तुमचे क्लबातले गृहस्थ त्याबाबतीत खोटं बोलत नाहीत.

तीन दिवसांचं काय करायचं? मंगळवारी दहा मिनिटं हलकं, मग आठ-आठ मिनिटांचे तीन डाव, मध्ये तीन-तीन मिनिटं विश्रांती, शेवटी पाच मिनिटं सैल. डावात तीन-चार शब्दांच्या वर बोलता येऊ नये, पण तिसरा डाव पहिल्याइतकाच जायला हवा. नाही गेला तर पहिला जास्त जोरात केलात. गुरुवारी सगळं हलकं, फक्त मधून सहा वेळा एक-एक मिनिट केडन्स 100 च्या वर न्या आणि सीटवर उसळायला लागलात की कमी करा. रोलरने जे मिळालं असतं त्यातला मोठा भाग इथे मिळेल. तिसरा दिवस चढाचा: पाच-पाच मिनिटांचे चार डाव, सीटवर बसूनच, मोठ्या गिअरमध्ये, केडन्स साठ-पासष्ट. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखलं तर गिअर लगेच हलका करा आणि सीटची उंची तपासा.

या तिसऱ्या दिवशी ‘अर्ग’ मोड वापरू नका. त्यात तुम्ही वॅट ठरवता आणि मशीन तेवढा जोर लावायला भाग पाडतं. ऐकायला छान, पण पाय मंदावले की मशीन आणखी जड होतं, मग पाय आणखी मंदावतात, आणि शेवटी अडकता. नॉरवूड एजवर तुमचे वॅट कुणी ठरवून देत नाही. तिथे गिअर तुम्ही निवडता आणि श्वास सांभाळून जोर किती लावायचा ते तुम्हीच ठरवता. हा निर्णय घरात शिकायचा असेल तर ठरावीक रेझिस्टन्सवर ठेवा आणि गिअर स्वतः बदला. मंगळवारी अर्ग चालेल.

टर्बोवर बूड दुखतं, ते तुम्ही कमकुवत आहात म्हणून नव्हे. सायकल खाली डुलत नाही आणि रस्त्यावर आपण नकळत उठतो-सरकतो ते होत नाही, म्हणून. दर दहा मिनिटांनी वीस सेकंद उभे राहून पॅडल मारा.

आणि रोलर कायमचे बाद असं मी म्हणत नाही. मुलगी थोडी मोठी झाली, घर तळमजल्यावरचं मिळालं, की जुने रोलर घ्या. घडी घालून पलंगाखाली जातात. शिकायचं ते दाराच्या चौकटीत: दोन्ही कोपर टेकतील एवढ्या रुंदीत, साधे बूट घालून, मधल्यापेक्षा थोडा मोठा गिअर लावून. पुढचा ड्रम पुढच्या चाकाच्या ऍक्सलपेक्षा किंचित पुढे हवा, नाहीतर चाक ड्रमवरून पुढे उतरायला बघतं. नजर चाकावर नाही, दोन-तीन मीटर पुढे जमिनीवर. हळू चालवाल तर पडाल. वेग आला की सायकल स्वतःच सावरते. पडलात तर बाजूला पडाल. सायकल उडी मारून भिंतीवर जाते ही दंतकथा आहे. चाकं फिरत असतात, तुम्ही मात्र जागेवरच असता, त्यामुळे पुढे फेकणारा वेगच नसतो.

शनिवार-रविवारचं. सरसकट बंदीची गरज नाही, पण नियम कडक ठेवा. रात्री तापमान तीन अंशांच्या खाली गेलं असेल आणि रस्ता ओला असेल तर सकाळी बाहेर पडू नका. कौन्सिल, म्हणजे तिथली पालिका, मीठ टाकते ते मोठ्या रस्त्यांवर. क्लबची मंडळी जातात ते डेल्सचे अरुंद रस्ते तसेच राहतात, आणि भिंतींच्या, झाडांच्या सावलीतला ब्लॅक आइस दुपारपर्यंत वितळत नाही. कोरडा, पाच अंशांच्या वरचा दिवस असेल तर दहा-अकराला निघा, अंधाराच्या तासभर आधी घरी या, मोठे उतार टाळा. बाहेर गेलात तर त्या आठवड्यातला चढाचा दिवस गाळला तरी चालेल. घरात राहायची वेळ आली तर बाहेरची तीन तासांची राइड टर्बोवर भरून काढायला जाऊ नका. घरात उतार नसतो, सिग्नल नसतो, पाय एकदाही थांबत नाहीत. सवा-दीड तास पुष्कळ झाला.

पैसे देण्याआधी मागच्या ऍक्सलवर छापलेले आकडे आणि कॅसेटचा फोटो पाठवा. बघत असलेलं मॉडेल त्याला बसतं का ते कळवते.

— ताई